डब्यातला कोरा कासरा

१

डब्याचं झाकण काही केल्या निघेना. भैय्याजीने नखं लावून पाहिली, किल्लीचं टोक घालून पाहिलं, शेवटी फिटरकडून पेचकस मागवला आणि डबा दोन गुडघ्यांत धरून कडेवर जोर लावला. कडेभोवती चढलेला हळदीकुंकवाचा आणि तेलाचा थर कटकन तडकला, त्याचे ढलपे भैय्याजीच्या पांढऱ्या पॅंटवर सांडले आणि झाकण एकदाचं उडून टेबलाखाली गेलं.

"मोरया!" बंडू ओरडला. विमलाबाई हातातला नारळ सावरत खुर्चीतून अर्धवट उठल्या.

डब्यात टेप नव्हती. कासरा होता. गाडीच्या बैलांना आवरायला असतो तसा, सुताचा, लांबलचक, गोल गुंडाळून डब्याच्या मापात अगदी नेमका बसवलेला. दोन्ही टोकांना लाल रंग, लाल गोंडे. बैलाच्या नाकाचा कधी वासही न लागलेला, कोरा करकरीत.

"हे काय होय?" बंडू म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

आता हे सगळे कोण आणि एका कासऱ्यापायी एवढे का हादरले, ते सांगायला हवं. साल पंच्याऐंशीचं, संक्रांत नुकतीच झालेली, जागा वर्ध्याच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचं ऑफिस. मालक भैय्याजी. सात-आठ वर्षांपूर्वी कॉलेजात असताना या भैय्याजीने, बंडूने आणि समुद्रपूरकडच्या किसनने मिळून एक बँड काढला होता. नाव 'धूळपेर'. बंडू गिटार वाजवायचा, किसन जाड तारांची दुसरी गिटार, आणि भैय्याजी ड्रम बडवायचा. वर्ध्यात तेव्हा बँड म्हटला की वरातीचा. त्यामुळे लोक यांनाही लग्नाच्या तारखा विचारायचे. पण त्यांचं पहिलंच गाणं, कपाशीवरचं, 'पऱ्हाटी', कॉलेजच्या गणपतीत वाजलं आणि पोरांनी डोक्यावर घेतलं. कॅसेटवरून कॅसेट उतरवत ते नागपूरला गेलं, अमरावतीला गेलं. बँड कधीच मोडला, गाणं मात्र फिरत राहिलं.

आणि आता मुंबईच्या एका कंपनीला ते छापायचं होतं. अट एकच. उतरवलेली कॅसेट चालणार नाही, मूळ टेपचं स्पूल हवं, या डब्यात ठेवलेलं. बंडू तिशी ओलांडलेला, दुसऱ्यांच्या ऑर्केस्ट्रात मागे उभा राहून वाजवणारा माणूस. त्याच्या आयुष्यात असा निरोप दुसऱ्यांदा येणार नव्हता. म्हणून तो धावत वर्ध्याला आला, किसनला समुद्रपूरहून बोलावलं आणि पिपरी मेघेहून आपल्या मावशीला, विमलाबाईंना, नारळ फोडायला घेऊन आला.

विमलाबाई मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. परीक्षेच्या हॉलमध्ये नुसत्या दारातून नजर फिरवून कोणत्या बाकावर कॉपी चालली आहे ते सांगत. त्यांनी सवयीने तिघांकडे पाहिलं आणि त्यांना चमत्कारिक वाटलं. चोरी झाली की चोर सोडून बाकीचे तरी चकित होतात. इथे तिघांच्याही माना खाली होत्या. तिघंही पकडल्यासारखे दिसत होते.

"डबा कुठं असे?" त्यांनी विचारलं.

"इथंच, या कपाटात," भैय्याजी म्हणाला. "दसऱ्याले साऱ्या मशिनींची पूजा होते ना बाई, तवा मी आपल्या ड्रमच्या काड्या अन् हा डबा बी मांडतो. हळदकुंकू वाहतो, तेल लावतो, पुन्हा कपाटात. पहिल्या सालापासून. कधी उघडला नाई."

"कपाटाची किल्ली?"

"खुंटीवर." भैय्याजीने मान आणखी खाली घातली. "कोनी बी घेऊ शकते. माझीच गलती आहे, बाई."

"दिवाळीले मी आलतो इथं," बंडू पुटपुटला.

"मी मागच्या हप्त्यात आलतो," किसन म्हणाला. "कापूस घिऊन."

कोणी विचारलं नव्हतं, तरी तिघांनी आपापली हजेरी लावली. विमलाबाईंनी नारळ टेबलावर ठेवला. खाली वाकून त्यांनी तो हळदीकुंकवाचा एक ढलपा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि रुमालात बांधून घेतला.

"मावशी, तू शोध ना," बंडू काकुळतीने म्हणाला. "पोलिसात गेलो तं मुंबईवाले पळून जातीन."

विमलाबाईंनी हो म्हटलं खरं. पण मन घेईना. पिपरीतल्या दारोदारी त्यांनी सांगून ठेवलं होतं, 'पऱ्हाटी' माझ्या भाच्याने रचलं म्हणून. आता त्याच भाच्याच्या मागे डोळे लावायचे होते.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भैय्याजीकडे गेल्या आणि गाणं जिथे टेप केलं ती जागा दाखव म्हणाल्या.

जागा म्हणजे गाठींचं गोदाम. दाबलेल्या रुईच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या, मधून माणूस जाईल एवढी वाट. काकाने परदेशातून आणलेलं स्पूलचं मशीन भैय्याजी घरून इथे आणायचा. त्या मशीनची गंमत अशी होती की एका पट्टीवर वाद्यं घ्यायची आणि दुसऱ्या पट्टीवर गळा. दोन्ही वेगळे राहायचे, हवं तर एकच ऐकता यायचं.

"भैय्या!" विमलाबाईंनी मुद्दाम मोठ्याने हाक मारली. वर्गाच्या टोकाला बसलेली मुलगी दचकेल असा त्यांचा आवाज, पण तो तोंडापुढेच विरला. कापसाने गिळून टाकला जणू.

"हंगाम आहे ना आता," भैय्याजी हसला. "दिवाळी ते चैत असंच असते. बैलपोयाले या तुम्ही. एक गाठ नसते अथी, खाली टिनाचा डब्बा. शिंकलं तरी दोन डाव आयकू येते."

"अन् गाणं तुम्ही कधी टेप केलं?"

भैय्याजीचं हसू मावळलं. "पोयाच्याच दिवशी. जिन बंद असे, मजूर आपापल्या गावाले. कॉलेजचा गणपती तोंडावर होता."

"एकदाच?"

तो गाठींकडे वळला. गाठीतून निघालेली रुई बोटाने उपसत उभा राहिला. एवढा आडदांड माणूस, पण त्याचे डोळे भरून आले होते.

"बाई, मी एक बेक्कार काम केलं," तो शेवटी म्हणाला. "चोरी नाई केली. पन तोंड चालवलं. पानठेल्यावर चार पोरांत शेखी मारली. तेवढ्यानं एका घराचं भल्लं नुकसान झालं. काय शेखी मारली ते नोका विचारू. बंडूले विचारा."

"मी तुला विचारते आहे."

"मले नाई सांगता येत, बाई." आणि मालक असूनही तो स्वतःच्या गोदामातून पळाल्यासारखा बाहेर गेला.

३

त्या दुपारी विमलाबाईंनी घरच्या टेपरेकॉर्डरवर 'पऱ्हाटी'ची कॅसेट लावली. बंडू समोर बसला होता. बाहेर वांग्यांच्या वाफ्यात पाणी सोडलेलं होतं, त्याकडे तो बघत होता.

गाणं त्यांनी पन्नासदा ऐकलं असेल, पण कौतुकाने ऐकणं निराळं आणि पेपर तपासायला बसल्यासारखं ऐकणं निराळं. ड्रम पडत होता, गिटारी वाजत होत्या, आणि त्यांचा आवाज मऊ, जवळचा, जसा रजईत गुंडाळलेला. त्यावर बंडूचा गळा. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो गळा लांब जात होता, कुठेतरी आदळून परत येत होता.

पऱ्हाटी फुटली, वेचू कोन येते,
माह्या ओटीत ऊन कोन देते...

त्यांनी कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. पुन्हा मागे घेतली.

"बंडू, ही ओटी कशी बांधतात?"

"अं?"

"कापूस वेचताना. तूच लिहिलं ना, 'माह्या ओटीत'. दाखव."

बंडू उठला. त्याच्या बापाचं कापडाचं दुकान. कापूस त्याने पाहिला तो ठाणातला नाही तर गाठीतला. त्याने हवेत एक कापड धरल्यासारखं केलं आणि ते खांद्यावरून पाठीवर टाकलं, झोळीसारखं.

विमलाबाईंनी डोळे मिटून घेतले. वेचणाऱ्या बाया ओटी कमरेला बांधतात, पोटापुढे. ती भरत जाते तशी कंबर ओढत जाते. हे ज्याला माहीत नाही त्याने ती ओळ लिहिलेली नाही. आणि वेचणं हे बायांचंच काम.

"गाणं कोणाचं आहे, बंडू?"

"माझंच आहे, मावशी," तो म्हणाला. आजवर हजार वेळा म्हटलेलं वाक्य होतं ते, सहज निघालं. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

विमलाबाईंना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक कानाखाली द्यावीशीही वाटली. दोन्हींपैकी काही न करता त्या कॅसेटकडे बघत राहिल्या. ड्रम भरल्या गोदामातला होता आणि गळा रिकाम्या गोदामातला. म्हणजे वाजवणं हंगामातलं आणि गाणं पोळ्याचं. मग हंगामात, भरल्या गाठींत, त्या वाजवण्यावर गायलं कोण होतं?

४

समुद्रपूरची एस. टी. कापसाच्या गाड्यांच्या मागे रखडत दुपारी पोचली. किसन तिथल्या शाळेत मास्तर. बाईंना दारात पाहून त्याने घाईघाईने बाजेवरची चादर सारखी केली.

घर स्वच्छ, साधं. कोनाड्यात रेडिओ, त्यावर बोटभर धूळ. आणि त्याच्या शेजारी तिपाईवर एक मोठं चौकोनी धूड, क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं.

"हे काय रे?"

"जुनं स्पूलचं मशीन आहे, बाई. नागपूरच्या जुन्या बाजारातून घेतलतं. बंद पडलं केव्हाचं. मी गाणंबिणं सारं सोडलं आता."

"अन् कॅसेट का नाही घेतलीस? साऱ्या जगाकडे आली."

किसन उठला. पाणी आणतो म्हणून आत गेला. तेवढ्यात त्याची आई, अनुसयाबाई, चहा घेऊन बाहेर आली. हसतमुख, बोलकी म्हातारी. पाहुणी मास्तरीण आहे म्हटल्यावर तिला भरून आलं. तीळगुळाची वडी तिने बाईंच्या हातावर ठेवली.

"गावी बैल आहेत का तुमच्याकडे?" विमलाबाईंनी विचारलं.

"होते ना माय. यायचे वडील गेले अन् इकले. भल्ली देखणी जोडी होती. एक साल त पोयाले लय शोभा झाली आमची." म्हातारीने पदराने ओठ पुसले. "किसनाले सांगतलतं, वर्धेहून कासरा, मठाट्या, गोंडे सारं नवं घिऊन ये म्हून. मालक बैल धुऊन, शिंगं रंगवून वाट पाहून राह्यले. तोरण तुटाची येळ झाली, तरी पोरगा नाई. जुन्याच कासऱ्यावर बैल नेले मंग. साऱ्या गावानं पायलं. दुसऱ्या दिवशी आला तं मठाट्या आनल्या, गोंडे आनले, कासराच नाई. इसरलो म्हने. मालकानं मयनाभर त्याच्याशी बोलनं टाकलं."

"कोणत्या सालची गोष्ट?"

"नलूचं लगन जुळलं ना, त्याच साली. नलू बी तवा वर्धेलेच होती, मास्तरकीचं शिकाले, किसनाच्याच खोलीवर. किसनाची लहान बहीन. आता रोहन्याले देल्ली. जवाई भाजीपाला करते, माळवं. चांगला आहे." मग आवाज खाली करून, "गळा होता वो पोरीले. वेचाले गेली का सारा वावर आयके. आता नाई म्हनत काही. लेकराले निजवते, पन गाणं नाई म्हनत."

विमलाबाईंनी वडी बशीत ठेवली. किसन आतून पाणी घेऊन येत होता. त्यांनी उठता उठता, आधाराला धरल्यासारखा, त्या धुडावर हात ठेवला.

रुमालाखालचं मशीन कोमट होतं.

५

"कोनं नेली ते सांगून टाक, मावशी," बंडू म्हणाला. "सांग, अन् मोकळं कर."

पुन्हा तेच ऑफिस, तेच तिघं. टेबलावर डबा, कासरा आणि रुमालातला तो ढलपा.

"टेप आज-काल गेलेली नाही," विमलाबाईंनी सुरुवात केली. "तुम्ही आपापल्या येण्या-जाण्याच्या कबुल्या देत बसलात, त्या सगळ्या वाया गेल्या. हा ढलपा पाहा. एकावर एक थर, दरवर्षीच्या दसऱ्याचे. मधे कुठे चीर नाही, सांधा नाही. झाकण मधल्या वर्षांत कोणी उघडलं असतं तर थर तेव्हाच तडकला असता. म्हणजे पहिल्या दसऱ्याला भैय्याने डब्याची पूजा केली, तेव्हाच आत टेप नव्हती. तू इतकी वर्षं कासऱ्याला हळदकुंकू वाहिलंस, भैय्या."

भैय्याजीने डबा उचलून उलटासुलटा करून पाहिला.

"पण त्याच साली पोळ्याला टेप होती. कारण त्या दिवशी मशीनवर ती लावून, नुसती वाजवण्याची पट्टी चालू ठेवून, बंडू तिच्यावर गायला आणि तुम्ही ते कॅसेटवर घेतलं. गोदाम रिकामं, म्हणून बंडूचा गळा घुमतो. वाजवणं हंगामातलं, म्हणून ते घुमत नाही. हंगामात गळ्याच्या पट्टीवर दुसरंच कोणी गायलं होतं. जिने ते गाणं वेचता वेचता रचलं, तिने. नलूने."

ते नाव त्या खोलीत कित्येक वर्षांनी उच्चारलं गेलं असावं.

"किसनचा जेवनाचा डबा घेऊन ये ती," बंडू सांगू लागला. त्याला आता थांबवतच नव्हतं. "मले चाल जमेना. तिनं गुनगुनून दाखवलं, मी म्हटलं, तूच गा. एकाच दमात गायली, मावशी. आमचे हातपाय गार पडले. मंग तिच्या लग्नाचं निघालं, अन् ह्या भैय्यानं ठेल्यावर सांगतलं, आमच्या बँडात पोरगी गाते. ते फिरत फिरत तिच्या बापापर्यंत गेलं. किसन म्हने, तिचा आवाज नोको, तू गा. मी गायलो. गणपतीत पोरांनी विचारलं, कोनं लिहिलं? मी वाट पाह्यली, कोनी तरी तिचं नाव घेईन म्हून. कोनी नाई घेतलं. तं मी म्हटलं, मी."

"आता मुंबईला तेच सांगणार होतास. वाजवण्याची पट्टी त्यांना देणार आणि वर पुन्हा गाणार."

बंडूने मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि विमलाबाईंना त्याची लाज वाटत होती, आणि आपण पिपरीभर मिरवलेल्या फुशारकीची त्याहून जास्त.

"राहिला कासरा," त्या म्हणाल्या. "कोरा, पोळ्याचा. बंडूच्या घरी बैल नाहीत, जिनात बैल नाहीत. पोळ्याच्या दिवशी नवा कासरा पिशवीत घेऊन इथे कोण बसला होता, आणि घरी कासऱ्याशिवाय कोण गेला?"

किसनने वर पाहिलं. आश्चर्य म्हणजे त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

"मी नेली," तो म्हणाला. "बाबानं सांगतलतं, जाळून टाक, मंगच उंबऱ्याच्या आत ये. डबा हलका लागू नये म्हून कासरा ठेवला. हाताशी तेवढंच होतं. घरी जाऊन सांगतलं, जाळली. बाबाले सांगतलं, नलूले बी सांगतलं. तिनं काही म्हटलं नाई. उठून भाकरी टाकाले बसली." तो थांबला. "पन मी नाई जाळली, बाई. हात नाई झाला. सांभाळून ठेवली. मशीन घेतलं तिच्यासाठी. आजवर एक ओरखडा नाई पडू देल्ला तिले."

त्याने पिशवीतून पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात बांधलेलं स्पूल काढून टेबलावर ठेवलं. आणि त्या क्षणी विमलाबाईंनाही वाटलं, याने चोरी केली खरी, पण पुण्यच केलं.

६

रोहण्याला सगळे भैय्याजीच्या जीपने गेले, मशीनही सोबत घेतलं. विमलाबाईंचा हट्टच होता. टेप आधी तिच्या मालकिणीला ऐकवायची, मुंबईचं नंतर.

नलू पडवीत मेथीच्या जुड्या बांधत होती. उद्याच्या आर्वीच्या बाजाराची तयारी. भावाबरोबर एवढे लोक पाहून ती पदर सावरत उठली. मग तिने बंडूला ओळखलं, भैय्याजीला ओळखलं, आणि तिचा चेहरा बंद झाला. नवरा लक्ष्मणराव वावरातून हातपाय धुऊन आला, सगळ्यांना बसा म्हणाला आणि चहा टाकायला स्वतःच आत गेला.

मशीन बाजेवर ठेवलं. भैय्याजीने वायर जोडली. कोणी काही समजावलं नाही. विमलाबाईंनी गळ्याची पट्टी वर केली आणि बटण दाबलं.

पऱ्हाटी फुटली, वेचू कोन येते,
माह्या ओटीत ऊन कोन देते...

कोवळा, निर्धास्त आवाज. कुठेही आदळत नव्हता, गाठींच्या मऊ भिंतींत अगदी जवळून, कानाशी बोलल्यासारखा येत होता. बंडूचं गाणं विमलाबाईंना आवडायचं. हे ऐकल्यावर त्यांना कळलं की आपण इतकी वर्षं फळाची सालच खात होतो.

नलूच्या हातातली जुडी अर्धी बांधलेली तशीच राहिली. चहा घेऊन आलेला लक्ष्मणराव दारात थबकला. "कोन होय हे?" त्याने विचारलं, मग बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

टेप संपली. सुटलं टोक फटफट करत फिरत राहिलं, ते भैय्याजीने थांबवलं.

बंडू पुढे झाला. काय बोलायचं ते त्याने जीपमध्ये ठरवलं असावं, पण तोंडातून एवढंच निघालं, "नलू, चुकलो मी."

"हो," नलू म्हणाली. "चुकले तुम्ही."

"मुंबईवाल्यायले हाच आवाज देतो. गाणं तुझं म्हून सांगतो. नाई छापलं तं नोको छापू."

तिने थोडा विचार केला. नवऱ्याकडे पाहिलं. लक्ष्मणरावाने मान हलवली, तुझं तू पाहा अशी.

"द्या. अन् नाव माझं टाकजा," ती म्हणाली. "पूर्ण टाकजा."

भैय्याजीने तोंड पुसायला रुमाल काढला तो डोळ्यांवरच धरून ठेवला. सगळ्यांना हलकं वाटू लागलं होतं. किसन इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. आता आपली पाळी असं वाटून तो बहिणीपुढे येऊन बसला.

"नलू, मी तुले खोटं सांगतलं. जाळली नाई मी. जिवापाड सांभाळली."

"ते दिसते," नलू म्हणाली. ती मशीनकडे बघत होती. "हे मशीन तुझं होय?"

"हो. हे वाजवासाठीच घेतलं."

"म्हंजे तू आयकत होता."

किसन गोंधळला. "कधी कधी."

"कधी?"

"जवा मन होये तवा. शाळेतून आलो का. आई झोपली का." त्याचा आवाज खाली खाली गेला. काहीतरी आपल्या हातून निसटतं आहे हे त्याला कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

नलूने अर्धवट जुडी बाजूला ठेवली.

"तू जाळली असती ना दादा, तं मी कवाच माफ केलं असतं तुले. बाबाच्या धाकानं जाळली म्हटलं असतं. मीच मनाले तसं समजावलतं, गेलं ते राख होऊन गेलं, आता तोंड उघडाचं नाई." ती आवाज चढवत नव्हती, मेथीचा भाव सांगावा तसं सांगत होती. "अन् तू? तू रोज आयकत राह्यला. माझ्या घरी राखीले आला, भाऊबिजेले आला, माझ्या हातचं जेवला, अन् घरी जाऊन माझंच गाणं आयकत राह्यला. एकटा. मले एक डाव बी नाई आयकू देल्लं."

इतकी वर्षं किसन ज्याला आपलं पुण्य समजून जपत आला, ते असं समोर उलटं मांडलं जाईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. विमलाबाईंनाही ते सुचलं नव्हतं. ढलपा वाचला, घुमणं वाचलं, कासरा वाचला. आणि खरा गुन्हा समोर पांढऱ्या धोतरात बांधून ठेवलेला होता, त्याला त्या पुण्य म्हणून बसल्या होत्या. त्यांची मान आपोआप खाली गेली.

"नलू, मी..."

"तू बाहेर बस, दादा," नलू म्हणाली. "तुम्ही सारेच बसा थोडं बाहेर. बाई, तुम्ही थांबा. मले हे लावता येत नाई."

पुरुष बाहेर गेले. लक्ष्मणरावाने जाता जाता चहाचा एक कप बायकोपुढे ठेवला आणि दार ओढून घेतलं. नलू मशीनजवळ सरकून बसली, गुडघे पोटाशी घेऊन.

"पुन्हा लावा बाई. पन हळू लावजा."

विमलाबाईंनी टेप मागे घेतली, आवाज कमी केला आणि बटण दाबलं. गाणं सुरू झालं. नलूचे ओठ हलत होते, आवाज अजून निघत नव्हता.

खिडकीतून अंगण दिसत होतं. बंडू आणि भैय्याजी जीपपाशी लक्ष्मणरावाशी बोलत उभे होते. किसन मात्र अलीकडेच, भिंतीला लागून बसला होता, मान किंचित खिडकीकडे कललेली.

विमलाबाईंनी बटणावर बोट ठेवलं आणि आवाज आणखी थोडा खाली केला.